शिक्क्याला कुणी कळवलं?

‘पूना’चं ‘पुणे’ झालं ते १९७८ साली. सामान्यज्ञानाच्या कुठल्याही पुस्तकात हे वाक्य मिळेल आणि त्यात चूक काही नाही. पण इंग्रजीत ‘पूना’ अशी अक्षरं कोरलेले शिक्के तेव्हा शहरभरच्या पोस्टांत टेबलांवर पडलेले होते. त्यांना ही बातमी कुणी कळवली, आणि कधी? मोठ्या कचेरीत नवा शिक्का लवकर आला असेल. पेठेतल्या एखाद्या छोट्या पोस्टात जुनाच चालू राहिला असेल, कारण तो धड उमटत होता आणि नवा मागवायचा म्हणजे वर लिहिणं आलं. सरकारी आदेशाला तारीख असते. शिक्का खरोखर कधी बदलला, ही तारीख मात्र पाकिटांवरूनच काढावी लागते, एकेक पाकीट उलटसुलट करून, भिंग लावून.

हा उद्योग करणारी माणसं आहेत आणि मी त्यांच्यातला एक. लोक आम्हाला तिकिटं जमवणारे म्हणून ओळखतात, पण तिकिटाकडे आमचं लक्ष तसं बेताचंच. आम्ही बघतो तिकिटावर बसलेला ठसा. वहीत गावाचं नाव, शिक्क्याचा प्रकार, त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये, आणि शेवटी दोन रकाने: आजवर सापडलेली सर्वांत जुनी तारीख आणि आजवर सापडलेली सर्वांत अलीकडची. दोन्ही पेन्सिलीनं लिहायच्या. कारण उद्या नागपुरात किंवा नैरोबीत कुणाच्या तरी ट्रंकेतून एखादं कार्ड निघतं आणि तुमची तारीख तीन महिन्यांनी मागे सरकते. ज्याची सरकते तो हळहळतो आणि खूशही होतो. हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं अवघड आहे. आमच्या घरात या सगळ्याचं नाव ‘यांचे कागद’ एवढंच आहे.

मला विचाराल तर या छंदातली सगळी गंमत हुकूम आणि अंमल यांच्यामधल्या फटीत आहे. मुंबईचंच बघा. १९९५ साली शहराचं नाव अधिकृतपणे मुंबई झालं, पण शिक्क्यांवरचं ‘बॉम्बे’ त्यानंतरही टपालाच्या थैल्यांतून हिंडत राहिलं. कोण म्हणेल सरकारी अनास्था, कोण म्हणेल काटकसर. मला त्यात टेबलामागचा माणूस दिसतो. त्याच्यापुढे पत्रांचा ढीग आहे, गाडीची वेळ होत आली आहे, आणि हाताशी जो शिक्का आहे तो तो मारतो आहे.

शिक्का म्हणजे लाकडी मूठ, तिच्याखाली धातूचा गोल ठसा. कडेनं गावाचं नाव कायमचं कोरलेलं. मधे खाच, आणि तिच्यात दिवस, महिना, वर्ष यांचे बदलता येणारे बारीक खिळे, छापखान्यात असतात तसलेच. सकाळी पोस्ट उघडलं की कालचा आकडा काढायचा, आजचा बसवायचा, एका वहीत ठसा उमटवायचा, पोस्टमास्तरनं तो बघून सही करायची, आणि मग कामाला सुरुवात. ही वही टपालखात्याच्या नियमातच बसलेली आहे. अशा जुन्या वह्या गावोगावी जपून राहिल्या असत्या तर आमचा निम्मा छंद बसल्या जागी आटोपला असता. पण रोजच्या कामाचे कागद मुदत संपली की रद्दीत जातात, त्यांचं तेवढंच आयुष्य. लंडनच्या टपाल संग्रहालयात वेगळ्या प्रकारच्या वह्या आहेत. नवा शिक्का तयार झाला की गावी धाडण्यापूर्वी त्याचा ठसा या वहीत घ्यायचा आणि शेजारी तारीख टाकायची. ब्रिटिश शिक्क्यांवर काम करणाऱ्यांचा मला त्यासाठी हेवा वाटतो. तरी त्या वहीतली तारीख शिक्का धाडल्याची. गावच्या पोस्टमास्तरनं तो पुडक्यातून काढून पहिल्यांदा शाईला कधी टेकवला, हे तिथंही पाकिटालाच विचारावं लागतं.

शिवाय खिळे माणूसच बसवतो. इंग्रजी ६ उलटा बसला की ९ होतो. महिना डोक्यावर उभा राहतो. दिवसाचा आकडा सैल होऊन गळून पडतो आणि अख्खा दिवस ती कचेरी बिनतारखेचं टपाल रवाना करते. नव्या वर्षाच्या सुरुवातीला तर हमखास गडबड, कारण दिवस रोज बदलायची हाताला सवय असते, वर्ष बदलायची नसते. त्यामुळे जानेवारीच्या पहिल्या काही दिवसांतला शिक्का समोर आला की दिवस-महिन्यावर मी विश्वास ठेवतो, वर्षावर नाही. मागच्या बाजूला पोचल्याचा शिक्का आहे का, ते आधी बघतो. दोन कचेऱ्या एकाच दिवशी एकच चूक सहसा करत नाहीत.

तारखेचा शिक्का मुळात निघाला तोच कामचुकारांना धरण्यासाठी. हेन्री बिशप हा इंग्लंडचा पोस्टमास्टर जनरल. पत्रं उशिरा मिळतात म्हणून लोक बोंब मारत होते. त्यानं १६६१ साली असा शिक्का आणला की पत्र कचेरीत कोणत्या दिवशी आलं ते पत्रावरच दिसावं, म्हणजे वाटपी ते दाबून ठेवू शकणार नाही. लहानसं वर्तुळ, मधे आडवी रेघ, एका बाजूला महिन्याची दोन अक्षरं, दुसऱ्या बाजूला दिवस. वर्ष नाहीच! कशाला हवं? पत्र वर्षभर दडपून ठेवण्याइतका आळशी वाटपी बिशपच्याही कल्पनेत नसावा. आज त्या शिक्क्यांचा अभ्यास करणाऱ्यांना वर्षासाठी पत्राच्या आतल्या मजकुरात शिरावं लागतं. शिक्का मारणाऱ्याच्या डोक्यात पुढच्या आठवड्यापलीकडचा वाचक नव्हता. दरबारी बखरकारावर ठेवतो त्याहून जास्त भरवसा मी त्याच्यावर ठेवतो तो म्हणूनच.

आपल्याकडची मोठी तारीख म्हणजे १ ऑक्टोबर १८५४. डलहौसीच्या काळातला नवा टपाल कायदा त्या दिवशी लागू झाला आणि देशभर कुठेही, कितीही अंतरावर, पाव तोळ्याचं पत्र अर्ध्या आण्यात जाऊ लागलं. तिकिटं कलकत्त्याला सर्व्हेच्या कचेरीत शिळाछापावर छापलेली, कॅप्टन थुलियर यांच्या देखरेखीखाली. आता जंत्री काढून बघितली तर १ ऑक्टोबर १८५४ हा रविवार निघतो. त्या रविवारची तारीख असलेलं पाकीट म्हणजे आमच्या लोकांचं कोहिनूर. म्हणून तशा तारखेकडे जरा जास्तच संशयानं बघायचं असतं. चार आण्याचं तिकीट १५ ऑक्टोबरला आलं. तेव्हा चार आण्याचं तिकीट आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातला शिक्का असा जोड कुणी हौसेनं पुढे केला, तर आधी चहा मागवावा आणि मग भिंग काढावं. जुन्या तारखेला पैसे मिळतात हे कळल्यावर जुन्या तारखा तयार करणारेही निघणारच. शाई घडीच्या चिरेत उतरली आहे की घडीवरून सरळ गेली आहे, अक्षराची जाडी त्या गावच्या दुसऱ्या अस्सल ठशाशी जुळते का, टपालाचा दर त्या दिवशीचा आहे का, असल्या बारीकसारीक गोष्टींवर खोटं पाकीट पकडलं जातं.

या सुरुवातीच्या काळातली एक अडचण फार त्रासदायक आहे. तिकिटावर जो शिक्का बसे त्यात तारीखच नसे. त्याचं काम एकच, तिकीट पुन्हा वापरता येऊ नये इतकं काळं करणं. आडव्या रेघांची किंवा ठिपक्यांची एक आकृती, फार तर मधे कचेरीचा क्रमांक. गावाचं नाव आणि तारीख असलेला गोल शिक्का पाकिटावर वेगळा, बऱ्याचदा मागच्या बाजूला. पुढे दोन्ही ठसे एका मुठीत जोडले गेले तेव्हा कुठे तिकीट आणि तारीख शेजारी आले. पण तोवरची लाखो तिकिटं लोकांनी पाकिटावरून काढून टाकलेली. आमच्या पिढीला तिकिटं जमवायला शिकवलं ते असंच: कोपरा कापा, कोमट पाण्यात सोडा, तिकीट सुटलं की टीपकागदावर वाळवा, वहीत चिकटवा. पाकीट बंबात. एवढ्या प्रेमानं एवढा पुरावा क्वचितच कुणी नष्ट केला असेल.

मग उरतात ते नुसते क्रमांक. त्या क्रमांकांवरून गावं ओळखणं हा वेगळाच अभ्यास. क्रमांक असलेली तिकिटं पाकिटासकट जिथं सापडली तिथं मागच्या गोल शिक्क्यावरून गाव कळलं, आणि एकदा गाव कळलं की त्या क्रमांकाची सुटी तिकिटंही बोलू लागली. मुंबईचे जाल कूपर यांनी या जुन्या शिक्क्यांचे प्रकार लावून दिले. लिलावाच्या याद्यांत त्यांच्या प्रकारांचे आकडे आजही तसेच दिसतात. या कोड्यातला माझा आवडता क्रमांक १२४. रेघांच्या अष्टकोनात हा आकडा दिसला की तिकीट हिंदुस्थानचं, राणीचं, सगळं आपलं, पण शिक्का मारलेला एडनला! अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हे बंदर १८३९ साली इंग्रजांनी घेतलं आणि १९३२पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चाले. त्यामुळे तिथलं पोस्ट हे मुंबईच्या यादीतलं एक पोस्ट. पुढे तोच एडन ‘बी’ आणि २२ या जोडीनं ओळखला जाऊ लागला. १२४ कधी सुटला आणि नवा आकडा कधी धरला, यावर माणसांनी कित्येक वर्षं घालवली आहेत.

मुंबई ते एडन या वाटेवर तर पोस्ट पाण्यावरच असे. १८६८ साली ही तरंगती कचेरी सुरू झाली. आधी सुएझपर्यंत, मग कालवा खुला झाल्यावर एडनपर्यंत. विलायतेहून आलेल्या थैल्या मुंबईच्या धक्क्याला लागेपर्यंत वाटपासाठी तयार असाव्यात म्हणून बोटीवरच सॉर्टर बसलेले. अरबी समुद्र पावसाळ्यात खवळलेला, वर दिवा हेलकावे खातोय, आणि हा माणूस पुणे, नागपूर, लाहोर अशी पत्रं खणांत टाकतोय. १९१४ साली महायुद्ध सुरू झालं आणि ही व्यवस्था बंद पडली. या शिक्क्यांच्या तारखा पडताळायला एक हुकमी साधन आहे. बोटी कधी सुटल्या आणि कधी लागल्या हे वर्तमानपत्रांत रोज छापून येई. शिक्क्यावरची तारीख आणि बोटीचा प्रवास जुळत नसेल तर दोघांपैकी एक खोटं बोलतंय, आणि बोट सहसा बोलत नाही.

आता माझ्याकडच्या एका कार्डाबद्दल सांगतो. पुण्याच्या जुन्या बाजारात, पितळी दिवे आणि मोडक्या कुलुपांच्या मधे एक माणूस पेढ्यांचे जुने कागद घेऊन बसायचा, त्याच्याकडचं. पाव आण्याचं तपकिरी पोस्टकार्ड, व्हिक्टोरियाचं, वर इंग्रजीत ‘ईस्ट इंडिया पोस्ट कार्ड’. ही कार्डं १८७९च्या जुलैत निघाली आणि इतकी स्वस्त होती की उठसूट लिहिली गेली. संशोधनाला पोस्टकार्डासारखं साधन नाही, कारण पाकिटातलं पत्र हरवतं, कार्डावर मजकूर आणि शिक्का एकाच कागदाच्या दोन बाजूंना जन्मभर बांधलेले.

या कार्डावर साताऱ्याकडच्या एका गावचा शिक्का आहे. गोल, वरच्या कमानीत गावाचं नाव, उजवीकडे कड थोडी तुटलेली. पाच तारीख, ऑक्टोबर, इथपर्यंत स्वच्छ. वर्षाच्या जागी दोनच आकडे, त्यांतला पहिला ८ दिसतो आणि पुढे तेलाचा डाग. म्हणजे १८८० ते १८८९ यांतलं कोणतंही. शिक्का एवढंच सांगतो. आता कार्ड उलटायचं. मजकूर मोडीत आहे, भाच्यानं मामाला लिहिलेला. मायना नेहमीचा, मग मिती: आश्विन शुद्ध १५, मंदवार, म्हणजे शनिवार. शक घातलेला नाही. मामाला कोणतं वर्ष चालू आहे हे ठाऊकच होतं, तेव्हा घालायचा कशाला! पुढे कापडाच्या पैशांची आठवण, आजीची प्रकृती, आणि शेवटच्या दोन ओळींत तक्रार, की आज कोजागरी, पण रात्री ग्रहण असल्यामुळे वेध लागले, दुधाचा बेत रहित झाला.

आश्विन पौर्णिमा, शनिवार, आणि ग्रहण. इथं इंग्रजी शिक्का आणि मराठी मिती एकमेकांना धरतात. आपली तिथी त्याच इंग्रजी तारखेला फिरून यायला साधारण १९ वर्षं लागतात. मधल्या काळात ती कधी दहा दिवस मागे, कधी वीस दिवस पुढे अशी फिरते. तेव्हा आश्विन पौर्णिमा ऑक्टोबरच्या चार-पाच तारखेला आली असं वर्ष एका दशकात एखादंच निघतं. १८८० ते १८८९ मध्ये ते एकच आहे: १८८४, शके १८०६, तारण संवत्सर. ४ ऑक्टोबर १८८४, वार शनिवार. आणि त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं, मध्यरात्र उलटल्यावर आपल्याकडे लागलेलं. म्हणजे वेध संध्याकाळपासून असणारच. कार्ड शनिवारी लिहिलं, रविवारी शिक्का बसला. या ग्रहणाची आणखी एक हकीकत आहे. आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटला होता आणि त्याची धूळ अजून वर तरंगत होती. ग्रहणातला चंद्र नेहमी तांबूस दिसतो, तो त्या रात्री इतका काळवंडला की युरोपातल्या निरीक्षकांना तो शोधावा लागला. भाचेबुवा पहाटेपर्यंत जागले असतील का, त्यांना ते दिसलं असेल का, कार्ड काही बोलत नाही. कार्ड लिहिताना ते दुधावरच रुसलेले होते.

त्या गावच्या त्या शिक्क्याची माझ्या वहीतली पहिली तारीख या कार्डामुळे मागे गेली. उजवीकडची तुटलेली कडही कामाला आली. कड शाबूत असलेला ठसा आता १८८४च्या आधीचा धरता येतो, कारण तुटलेली कड पुन्हा जुळून येत नाही.

आमच्यात यावर एकमत मात्र नाही. एक ज्येष्ठ स्नेही आहेत, त्यांचा हिशेब कडक. शिक्क्यातलं वर्ष डोळ्यांना दिसलं तर तारीख, नाहीतर नाही. मजकुरावरून, तिथीवरून, ग्रहणावरून काढलेलं वर्ष त्यांच्या यादीत घेत नाहीत. ‘उद्या तुम्ही कुंडली मांडून तारीख काढाल,’ म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. लोक आज लिहिलेलं पत्र चार दिवसांनी टाकतात, जुनी मिती तशीच राहू देतात, तिथी सूर्योदयाची धरली की रात्रीची यावर एका दिवसाचा फरक पडतो. पण मराठी पत्रव्यवहारात मिती, वार आणि सणवार इतके भरभरून असतात, की ते बाजूला ठेवणं म्हणजे साक्षीदार दारात उभा असताना खटला काढून टाकणं. मी अशा तारखा लाल पेन्सिलीनं लिहितो. त्यांच्या यादीत त्या रकान्यात आडवी रेघ आहे.

ठसा अगदीच पुसट असेल तेव्हा दुरून घेरत जावं लागतं. साधं पाव आण्याचं पोस्टकार्ड, जास्तीचं तिकीट नाही, तर ते १९२२पूर्वीचं, कारण त्या साली दर अर्धा आणा झाला. नव्या पैशांतलं तिकीट असेल तर १ एप्रिल १९५७च्या आधी जाता येत नाही. पत्त्यात नुसतं ‘मुंबई २८’ किंवा ‘पुणे ३०’ असेल तर लिहिणारा पिनकोडच्या आधीचा, निदान जुन्या सवयीचा. शिक्क्यातच सहा आकडी पिन असेल तर १५ ऑगस्ट १९७२ ही पलीकडची भिंत. पिनकोडची कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. टपालखात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतमधले कवी. सहा आकड्यांत अख्खा देश बसवणाऱ्या माणसाचा वृत्तांवर हात असावा, हे मला फार योग्य वाटतं. त्यांनी जुने आकडे मोडलेही नाहीत. मुंबई २८चं ४०००२८ झालं, पुणे ३०चं ४११०३०. दादरकराला आणि सदाशिव पेठेला आपला आकडा सोडावा लागला नाही. १९७३ साली दिल्लीत भरलेल्या जागतिक टपाल तिकीट प्रदर्शनाचे अध्यक्षही तेच होते, म्हणजे माणूस आमच्यातलाच म्हणायचा.

गोव्याचं प्रकरण या सगळ्यात वेगळं आहे, कारण तिथं तिकिटांपुरती तरी फट काही आठवड्यांचीच आणि तिच्या दोन्ही कडा पक्क्या. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला. २९ डिसेंबरपासून भारतीय तिकिटं सुरू झाली आणि पोर्तुगीज तिकिटं ५ जानेवारी १९६२पर्यंत चालवून घेतली गेली. राज्य बदललं, तिकीट बदललं, पण शिक्के? ते पोर्तुगीज अमदानीतलेच, त्याच टेबलांवर, त्याच कारकुनांच्या हातात. म्हणून भारतीय तिकिटावर पोर्तुगीज शिक्का असलेली पाकिटं आहेत. त्या दिवसांत मडगावहून मुंबईला, पणजीहून बेळगावला किती पत्रं गेली असतील! चौदा वर्षं वाट पाहिलेली माणसं, सीमेपलीकडचे नातेवाईक, आर्थिक नाकेबंदीत अडकलेले हिशेब. मुंबईतल्या गोवेकरांच्या कुडांमधे, म्हणजे गावागावांच्या सामाईक बिऱ्हाडांत, गिरगाव-धोबीतलावच्या खोल्यांत, ती कुणाच्या तरी बायबलमध्ये किंवा रेशनकार्डाच्या घडीत अजून असतील. तो जुना शिक्का प्रत्येक गावात नेमका कोणत्या दिवशी खाली ठेवला गेला, याची गाववार यादी करावी अशी माझी फार इच्छा आहे. गोव्यातल्या कुणाच्या घरी १९६२ची पत्रं असतील तर कृपा करून तिकिटं कापून घेऊ नका, पाकीट अख्खं ठेवा आणि मागची बाजूही बघा.

२०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. कोर्टाच्या नोटिसा, राख्या, नोकरीची बोलावणी, पासबुकं, सगळं ज्या पाकिटांतून आलं, त्या सेवेची वेगळी ओळख संपली. पेपरात बातम्या आल्या, लोक हळहळले. आम्हा मंडळींच्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की ‘रजिस्टर्ड’ लिहिलेले रबरी शिक्के आता कुठे जाणार, आणि शेवटचा कोणत्या दिवशी उमटणार. मी आमच्या भागातल्या पोस्टात जाऊन विचारलं. खिडकीतल्या बाईंनी आधी नीट बघून घेतलं की मी थट्टा करतोय का. मग ड्रॉवर उघडून दाखवला. शिक्का होता, शाईच्या गादीशेजारी. ‘परत मागवलेला नाही, फेकायला सांगितलेलं नाही. कधी चुकून हातात येतो,’ म्हणाल्या.

मी तिथंच एक पाकीट विकत घेतलं, त्यावर माझाच पत्ता लिहिला आणि स्पीड पोस्टानं टाकलं. तारखेचा शिक्का जरा जपून मारा, एवढी विनंती केली. बाईंनी मान हलवली आणि मोठ्या मायेनं, दाबून मारला. पाकीट घरी आलं तेव्हा त्यावर गाव वाचता येत होतं, पिन वाचता येत होता, आणि तारखेच्या जागी शाईचं थारोळं. तारीख होती ती मोबाइलवर आलेल्या मेसेजमध्ये, मिनिटासकट. मेसेज छापून घेतला आणि त्याच पाकिटात घालून ठेवला. स्नेह्यांना अजून दाखवलेला नाही, ते रेघच मारतील.